पांझरेच्या फडाचे पाणी : एका जुन्या सेवेचे परीक्षण

साक्री तालुक्यात पांझरा नदीच्या काठी आमच्या कुटुंबाची जमीन फडात, म्हणजे नदीवरच्या बंधाऱ्यातून पाटाने येणाऱ्या पाण्यावर शेतकऱ्यांनी मिळून चालवलेल्या जुन्या सिंचन व्यवस्थेत, आहे, आणि त्या जमिनीला मिळणाऱ्या पाण्यासाठी आमच्या घराने पिढ्यान्‌पिढ्या धान्य, पैसा आणि श्रम अशा तिन्ही रूपांनी मोल दिलेले आहे. माझे राहते घर धुळ्यात देवपूर भागात असल्यामुळे शहराची पाणीपट्टी मी वेगळी भरतो आणि उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचे जार वेगळे विकत घेतो. एकाच नदीखोऱ्यात पाण्यासाठी तीन ठिकाणी पैसे मोजणारा ग्राहक म्हणून फडाच्या सेवेबद्दल सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. नदी, तिचे पाणलोट क्षेत्र आणि त्यावर जगणारे सारे काही टिकवण्यासाठी सामान्य माणूस स्वतःच्या खिशातून काही देईल का, हा प्रश्न आता अभ्यासकही विचारू लागले आहेत, आणि लोकांची ऐपत नाही, लोकांना फुकटाची सवय लागली आहे, असे त्याचे उत्तर सभांमध्ये सहज दिले जाते. पांझरेच्या काठी गेली तीनशे-चारशे वर्षे लोक नदीच्या पाण्यासाठी आपणहून देत आले आहेत. आपला पैसा कोणाच्या हाती जातो आणि त्याचे काय होते हे डोळ्यांना दिसत असेल, तर खानदेशातला शेतकरी हात आखडता घेत नाही, असे माझे स्वच्छ मत आहे आणि ते फडाच्या अनुभवावरून बनलेले आहे.

पांझरा पिंपळनेरच्या बाजूला सह्याद्रीच्या डोंगरात उगम पावते, साक्री तालुक्यातून पूर्वेकडे वाहत धुळ्यात येते आणि पुढे उत्तरेकडे वळून मुडावद येथे कपिलेश्वराच्या मंदिरापाशी तापीला मिळते. तापी स्वतः मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातील मुलताईहून निघून ७२४ किलोमीटर वाहते. तिच्या सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटर खोऱ्याचा जवळजवळ चार-पंचमांश भाग महाराष्ट्रात आहे. पांझरा ही त्या मानाने लहान नदी. पण नाशिक जिल्ह्यातील मोसम आणि आरम या नद्यांप्रमाणे तिच्यावरही गावोगावी दगडी बंधारे बांधून पाटाने पाणी नेण्याची व्यवस्था उभी राहिली, आणि लोकांनी ती स्वतः चालवली.

ज्यांनी फड पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सेवेचे स्वरूप आधी सांगतो. नदीच्या पात्रात जिथे खडक उघडा आहे तिथे दगड-चुन्याचा बंधारा घातलेला असतो. त्याच्या एका अंगाने पाट निघतो. पाटावर जागोजाग सांडवे असतात, म्हणजे पुराचे जास्तीचे पाणी आणि त्याबरोबर आलेला गाळ पुन्हा नदीत सोडता येतो. एका बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या सगळ्या जमिनीला थळ म्हणतात, आणि थळाचे सहसा तीन किंवा चार फड पाडलेले असतात. एका फडात एका हंगामात एकच पीक घ्यायचे, हा सगळ्या व्यवस्थेचा कणा आहे. एका फडात ऊस, दुसऱ्यात भात किंवा गहू, तिसऱ्यात हरभरा, एखादा फड पडीक, आणि पुढच्या वर्षी त्यांची फेरपालट. कोणत्या फडात काय घ्यायचे हे हंगामापूर्वी पंच आणि शेतकरी बसून ठरवतात. बहुतेक शेतकऱ्यांचे तुकडे प्रत्येक फडात असतात, त्यामुळे पाणी कमी पडून एखादा फड कोरडा ठेवण्याची वेळ आली तर तोटा सगळ्यांच्या वाट्याला येतो, एकाच घराचे कंबरडे मोडत नाही. सलग एका पिकाला सलग पाणी दिल्यामुळे पाटात आणि चाऱ्यांत जिरून वाया जाणारे पाणी कमी होते, आणि फडातून निथळलेले पाणी नाल्यावाटे नदीला परत जाऊन खालच्या बंधाऱ्याच्या कामी येते. ज्या माणसांनी ही आखणी केली त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. पण त्यांना उतार, माती आणि माणसाचा स्वभाव या तिन्हींची पक्की जाण होती.

ही सेवा देणारी माणसे ठरलेली असतात. पाटकरी पाटाच्या तोंडाशी पाण्याचे नियमन करतो, हवालदार देखरेख ठेवतो, बारेकरी प्रत्यक्ष शेतात पाणी देतो आणि जागल्या उभ्या पिकाची गुराढोरांपासून राखण करतो. शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात स्वतः पाणी घ्यायचे नाही, ते बारेकऱ्याने द्यायचे, हा नियम बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटतो. वाटणीवरून होणारी भांडणे त्यामुळे मुळातच टळतात, कारण पाणी देणाऱ्याचे स्वतःचे शेत त्या पाळीत गुंतलेले नसते.

आमच्या थळाचे बारेकरी वयाने माझ्याहून बरेच मोठे आहेत, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. रब्बीच्या पाळीत रात्री त्यांच्यासोबत फिरताना त्यांचे काम जवळून पाहिले आहे. चारीचे तोंड बंद करण्यासाठी ते आधी गवताची मुळासकट उपटलेली ढेकळे बसवतात, त्यांच्या फटींत ओला चिखल पायाने दाबतात आणि सर्वांत शेवटी जुने गोणपाट अंथरून त्यावर माती ओढतात; तोंड उघडायचे असले की गोणपाटाचा एक कोपरा फावड्याने उचलला तरी पुरते. गव्हाच्या वाफ्यात पाणी शेवटपर्यंत पोहोचले की नाही हे बघायला ते बॅटरी पेटवत नाहीत. कडेच्या वरंब्यावर उभे राहून टाच मातीत रुतवतात आणि ती किती खोल जाते यावरून पुढच्या वाफ्याला पाणी फिरवायचे की थांबायचे ते ठरवतात. माझ्या शेताच्या खालच्या कोपऱ्यात जमीन थोडी उंच आहे, तिथे पाणी चढायला वेळ लागतो. आबांना ते सांगावे लागत नाही. "पानी उनं," म्हणजे पाणी आले, एवढेच ते जाता जाता म्हणतात. कोणत्याही कंपनीच्या ग्राहक सेवेकडून इतके नेमके लक्ष मला कधी मिळालेले नाही.

मोबदल्याची रीत साधी आहे. पूर्वी तो खळ्यावर धान्याच्या रूपात दिला जाई, आता बहुतेक रोख दिला जातो. जमिनीच्या प्रमाणात प्रत्येकाची वर्गणी ठरते, आणि पावसाळ्यापूर्वी पाटातील गाळ काढायला, सांडवे साफ करायला, पाटाच्या कडेची झुडपे तोडायला प्रत्येक घराने माणूस पाठवायचा असतो. ज्याला येणे शक्य नाही त्याने त्या दिवसाची मजुरी भरायची. पंचांच्या सभेत हिशेब मोठ्याने वाचला जातो आणि आक्षेप तिथल्या तिथे घेतला जातो. बंधाऱ्याची मोठी दुरुस्ती निघाली की वर्गणी वाढते, त्यावर कुरकुर होते, पण पैसे जमतात. सरकारी पाणीपट्टीच्या थकबाकीच्या बातम्या आपण नेहमी वाचतो, आणि थकवणारे व फडाची वर्गणी वेळेवर भरणारे काही वेळा एकाच गावातले असतात. फरक माणसांत नसून व्यवस्थेत आहे. फडाचा पैसा आबांच्या हातात जातो, आणि आबा रात्री शेतात दिसतात.

या व्यवस्थेचे मोल फार पूर्वी एका जाणकाराच्या नजरेसमोर आले होते. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले तेव्हा त्यांचे सुरुवातीचे काम याच भागात होते, आणि पांझरेच्या पाटाचे पाणी नाल्यापलीकडे नेण्यासाठी दातर्ती येथे त्यांनी नळाचा सायफन बांधला. पुढे दख्खनच्या कालव्यांवर त्यांनी ब्लॉक पद्धत आणली, तिच्यात गटागटाने पिके ठरवणे आणि पाळीने पाणी देणे हीच सूत्रे आहेत. फडाकडे मागासलेली रूढी म्हणून पाहणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

आता उणिवा, आणि त्या कमी नाहीत. एका फडात एकच पीक हा नियम थळाला तारतो, पण कापूस, कांदा किंवा भाजीपाला लावून हातात लवकर पैसा आणू पाहणाऱ्या तरुण शेतकऱ्याला तो जाचक वाटतो, आणि त्याची अडचण खोटी नाही. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. फडातून आणि पाटातून जिरलेले पाणी आजूबाजूच्या विहिरींना मिळते, त्या विहिरींवर मोटारी बसवून थळाबाहेरची कितीतरी जमीन भिजते, आणि तिच्यापोटी थळाला एक पैसाही मिळत नाही. पाटाचा गाळ काढणारे वेगळे आणि त्या पाण्यावर केळी घेणारे वेगळे, अशी विभागणी झाली की वर्गणी भरणाऱ्यांचा उत्साह ओसरणारच. तिसरी उणीव मला स्वतःला सलते : निंदणी, कापणी, राखण यांत निम्म्याहून अधिक काम बायकांचे असते, पण पंचांच्या सभेत त्यांना बोलावले जात नाही, कारण सातबारा पुरुषांच्या नावावर असतो. घरातल्या खर्चाचा मेळ ज्या घालतात त्यांनाच, नदीसाठी किती द्यायचे हे विचारले जात नाही.

आणि नदीच बदलली आहे. वर लाटीपाडा, खाली अक्कलपाडा अशी धरणे झाल्यावर बंधाऱ्यांकडे येणारा प्रवाह आपोआप येणारा राहिला नाही, तो सोडला जातो किंवा अडवला जातो. विजेचे पंप आले तसे अनेक थळांमध्ये बारेकरी ठेवणे बंद झाले, कुठे पाट बुजले, कुठे फड मोडून ज्याने त्याने आपापले पीक घेतले. आमच्या बंधाऱ्याखाली एका ठेकेदाराने पात्रातून इतकी वाळू उचलली की एका पावसाळ्यानंतर पायथ्याचे दगड उघडे पडले. तक्रारीची दाद लागेपर्यंत दुसरा पावसाळा आला, आणि दुरुस्तीचा खर्च शेवटी वर्गणीतूनच झाला. ज्याने नुकसान केले त्याने काही भरले नाही, ज्यांचे नुकसान झाले त्यांनी सगळे भरले.

वाळूचा हा प्रसंग मला नदीच्या बिनपावतीच्या सेवांकडे घेऊन जातो. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने झालेल्या मिलेनियम इकोसिस्टिम असेसमेंट या जागतिक अभ्यासाने २००५ साली निसर्गाकडून माणसाला मिळणाऱ्या लाभांची चार गटांत मांडणी केली : प्रत्यक्ष मिळणाऱ्या वस्तू, नियमन, सांस्कृतिक लाभ आणि या सगळ्यांना आधार देणाऱ्या प्रक्रिया. पांझरेकडे या दृष्टीने पाहिले की फडाच्या पाण्याचे बिल हे फार लहान बिल असल्याचे कळते. पात्रातली वाळू पावसाळ्याचे पाणी साठवून ठेवते, गाळते आणि काठच्या उद्भव विहिरींना उन्हाळ्यापर्यंत पुरवते. अनेक गावांची नळयोजना त्या विहिरींवरच चालते. पात्र रुंद आणि मोकळे असेल तर पुराला पसरायला जागा मिळते. ऑगस्ट २०१९ मध्ये पांझरेला आलेला पूर धुळेकरांनी पाहिला आहे, आणि पात्रातल्या जागेची किंमत काय असते हे त्या वेळी सगळ्यांच्या लक्षात आले. श्रावणात खानदेशातल्या कानबाई देवीचे विसर्जन वाहत्या पाण्यात व्हावे अशी घराघरांत इच्छा असते. रोट करून, रात्रभर जागून, सकाळी वाजतगाजत कानबाईला घेऊन गेलेल्या बायकांना डबक्यात विसर्जन करावे लागले की त्यांच्या चेहऱ्यावर जी खंत दिसते तिची नोंद कोणत्याही पाणीपट्टीत होत नाही. धुळ्यात एकवीरा देवीच्या मंदिरापाशी उभे राहून नदीकडे पाहणाऱ्याला मी काय म्हणतो ते कळेल.

शहरातील सेवेबद्दल थोडक्यात लिहितो. नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते, कधी येणार हे निश्चित नसते, आणि म्हणून लोक पाणीपट्टी भरूनही टाक्या, मोटारी, गाळणी यंत्रे आणि जार यांवर खर्च करतात. हा सगळा खर्च म्हणजे शहरी कुटुंबाने पाण्यासाठी दिलेले मोलच आहे. ज्या वस्तीत लोकांना पैसे द्यायची इच्छा नाही असे म्हटले जाते, त्याच वस्तीत उन्हाळ्यात जारच्या गाड्या सकाळ-संध्याकाळ फिरतात.

मागच्या उन्हाळ्यात एक संशोधक विद्यार्थिनी आमच्या गावात प्रश्नावली घेऊन आली होती. नदी आणि पाणलोट सुधारले तर आपले कुटुंब दरवर्षी किती रुपये द्यायला तयार आहे, असा तिचा मुख्य प्रश्न होता. शेजारचे नाना ओट्यावर बसले होते. त्यांनी प्रश्न शांतपणे ऐकला आणि विचारले, "ताई, पैसा कोनाकडे देवाना शे, ते पहिले सांग." तिने एका सरकारी निधीचे उदाहरण दिले. नाना म्हणाले, मग माझे काही नाही, लिही शून्य. तिने शून्य लिहिले, पण मुलगी हुशार होती, वही मिटली नाही. तिने विचारले, निधी गावाच्या पंचांकडे राहिला तर? नानांनी रक्कम सांगितली. रोख नसेल तेव्हा काय कराल? त्यावर त्यांनी गाळ काढायला घरातले दोन माणूस आणि बैलजोडी देण्याची तयारी दाखवली, आणि कोणत्या नाल्यापासून काम सुरू करावे हेही सांगितले.

अशी प्रश्नावली ज्या शास्त्रातून येते त्याचा गाभा या एका संभाषणात आला आहे. बाजारात ज्याची विक्री होत नाही अशा गोष्टीचे मोल लोकांना थेट विचारून काढण्याची पद्धत अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यापासून विकसित झाली. १९८९ साली अलास्काच्या किनाऱ्याजवळ एक्सॉन वाल्डीझ या जहाजातून तेल सांडले तेव्हा नुकसानभरपाई ठरवताना तिच्यावर मोठा वाद झाला, आणि १९९३ साली केनेथ अॅरो व रॉबर्ट सोलो या नोबेल मिळालेल्या दोन अर्थशास्त्रज्ञांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिच्यासाठी कडक अटी सुचवल्या. माणसाला समोरासमोर बसून विचारावे, योजना नेमकी काय आहे ते सांगावे, अमुक रकमेला हो की नाही असे मतदानासारखे विचारावे, आणि ही रक्कम त्याच्या घरखर्चातून जाणार आहे याची आठवण करून द्यावी, असे त्या अटींचे सार होते. ज्याला नदीची किंमत वाटते, पण पैसे गोळा करणाऱ्यावर विश्वास नाही, त्याचे शून्य वेगळे धरावे लागते, हेही या शास्त्रात मान्य आहे; त्याला निषेधाचे शून्य म्हणतात. नानांचे पहिले उत्तर तसे होते. आपल्याकडे अशी शून्ये सरसकट बेरजेत धरली जातात आणि मग लोकांना नदीची पर्वा नाही असा निष्कर्ष निघतो, याचा मला मनापासून राग येतो. ज्याच्या हाती वर्षभर रोख पैसा खेळत नाही त्याने दिलेले श्रम रुपयांत मोजले नाहीत, तर गरीब माणसाची तयारी कागदावर कायम कमीच दिसणार.

फडाच्या वर्गणीत आणखी एक मोठी फट आहे, आणि तिच्याबद्दल थळातले लोकही फारसे बोलत नाहीत. वर्गणी बंधाऱ्यापासून खाली खर्च होते, बंधाऱ्याच्या वर काहीच जात नाही. पांझरेत पाणी किती दिवस वाहील हे पश्चिमेकडच्या डोंगरउतारावर झाडे, गवत आणि माती किती टिकली आहे यावर ठरते, आणि त्या उतारांवर राहणारी कोकणा, भिल्ल, मावची कुटुंबे ते जंगल राखतात किंवा नाइलाजाने तोडतात. त्यांनी राखले तर फायदा आमचा आणि धुळेकरांचा. राखण्याचा खर्च, चराईवरचे बंधन, सोडून दिलेली लाकडाची मोळी मात्र त्यांची. साक्री तालुक्याच्या पश्चिम भागातील बारीपाड्याने हे काम कोणी पैसे देण्याची वाट न पाहता केले. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने त्या गावाने १९९० च्या दशकापासून चारशे हेक्टरांहून अधिक जंगल सांभाळले, तोडीवर स्वतःच दंड ठरवला, पाणी अडवले, आणि २०२५ साली पवारांना पद्मश्री मिळाली. सन्मान योग्यच आहे. पण खाली राहणाऱ्या आपण सगळ्यांनी अशा गावांना मोबदला द्यावा, ही व्यवस्था अजून झालेली नाही.

अशी व्यवस्था अशक्य नाही. हिमाचल प्रदेशात पालमपूरच्या नगर परिषदेने आपल्या पाण्याचा झरा ज्या जंगलात आहे ते जंगल राखण्यासाठी बोहल गावाशी २०१० साली करार केला आणि दरवर्षी ठरावीक रक्कम देण्याचे मान्य केले. न्यूयॉर्क शहराने १९९७ साली कॅट्सकिल डोंगरातील गावांशी आणि शेतकऱ्यांशी करार करून पाणलोटातच पैसा घातला, आणि अब्जावधी डॉलरचा गाळणी प्रकल्प टाळला. पालमपूरचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे, कारण ते लहान शहर आहे, रक्कम लहान आहे आणि दोन्ही पक्ष एकमेकांना ओळखतात.

म्हणून आमच्या थळासाठी माझी सूचना अशी आहे की वर्गणीच्या वहीत वरच्या गावांसाठी एक वेगळा रकाना उघडावा. त्या रकान्यातला पैसा थळाचे पंच आणि वरच्या गावाची ग्रामसभा यांनी मिळून, समोरासमोर ठरवून खर्च करावा : चराईबंदीच्या काळात चारा, वणव्याच्या दिवसांत राखणदार, नाल्यातले दगडी बांध. विहिरीवर मोटार चालवून थळाचे जिरलेले पाणी उचलणाऱ्यांकडूनही त्यात वाटा घ्यावा, आणि शहराने पाणीपट्टीतला छोटा भाग त्यात घालावा, मात्र तो भाग पावतीवर स्वतंत्र ओळीत छापलेला असावा. आपला पैसा कुठल्या डोंगरावर गेला हे पावतीवर वाचायला मिळाले, तर देवपुरातला माणूस नाराज होणार नाही. मी तर नक्कीच होणार नाही. कायद्याची चौकटही अगदी नवी करावी लागणार नाही. सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे सोपवणारा राज्याचा कायदा २००५ सालचा आहे, त्याखाली पाणी वापर संस्था मोजून पाणी घेतात आणि आपल्या सभासदांकडून पट्टी वसूल करतात. फडाचे पंच हे काम त्या कायद्याच्या कितीतरी आधीपासून करत आहेत. त्यांच्या थळांना संस्थेची मान्यता देताना जुने नियम, बारेकऱ्याचे स्थान आणि एका फडात एक पीक घेण्याची मोकळीक कायम ठेवली, आणि सभेत बायकांना मताचा अधिकार दिला, तर व्यवस्था अधिक भक्कम होईल.

सेवा म्हणून गुण द्यायचे झाले तर पाण्याच्या वाटपातील न्याय, माणसांची सचोटी आणि हिशेबाची स्पष्टता यांना मी पूर्ण गुण देतो. पिकाच्या निवडीतील मोकळीक कमी आहे, दुरुस्तीचा भार एकाच बाजूला पडतो, आणि नदीच्या वरच्या भागाची काळजी या सेवेच्या कक्षेतच येत नाही, म्हणून तिथे गुण कापतो. वर्गणी वाढली तरी मी ती भरेन, आणि ज्यांची जमीन चालू थळात आहे त्यांनी पंप लागला म्हणून फडातून बाहेर पडू नये असा माझा आग्रहाचा सल्ला आहे. ज्यांना ही पद्धत प्रत्यक्ष पाहायची असेल त्यांनी दिवाळीनंतर, गव्हाची पाळी सुरू असताना, धुळ्याहून साक्रीच्या रस्त्याने पांझरेच्या काठी यावे; ज्या थळात बारेकरी अजून काम करतात तिथे कोणालाही विचारले तरी पाटावर घेऊन जातात. येताना पावसाळी बूट आणावेत, चाऱ्यांच्या कडेला चिखल असतो, आणि आबांना प्रश्न विचारायचे असतील तर चारीचे तोंड फिरवून झाल्यावर विचारावेत.